केचपमध्ये साखर कोणी घातली?

ह्या व्याख्यानमालेत राज्यघटनेपासून ज्ञानेश्वरीपर्यंत नाना विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. त्या पंक्तीला केचपची बाटली घेऊन बसलेले आम्हांस पाहून काही श्रोत्यांस हसू येईल. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने बोनस, संप, कंत्राटी पद्धत ह्यांवर बोलावे. स्वयंपाकघरात त्याचे काय काम? परंतु मजुराची गोष्ट कारखान्याच्या फाटकावर सांगावी लागते तशी ती कधी कधी ताटातूनही सांगता येते, आणि ताटातली गोष्ट ऐकायला घरची सगळी माणसे हजर असतात.

विषय निघाला तो असा. आमच्या युनियनच्या कचेरीत कामगारांच्या घरच्या बायका महिन्यातून एकदा जमतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात मधुमेहाचा विषय वरचेवर येतो. घरात एकाला तरी पथ्य असतेच. तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी ठरवले की, मुलांना रोज लागणारा टोमॅटोचा सॉस पांढरी साखर न घालता घरीच करावा. केला. मुलांनी चाखला आणि निकाल दिला : “हा सॉस नाही, ही चटणी आहे.” बायकांनी आम्हांला विचारले, साखरेवाचून केचप होतच नाही काय? आम्ही शाळा नववीत सोडलेली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयांच्या बाकांवर. उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून वाचू लागलो. आणि वाचता वाचता दोन-तीनशे वर्षे मागे गेलो.

मागे गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की, मूळच्या केचपात साखर तर नव्हतीच, टोमॅटोही नव्हता. होती ती मासळी. दक्षिण चीनच्या फुकिएन प्रांतातले दर्यावर्दी लोक खारवलेल्या मासळीच्या आंबवलेल्या पाण्याला ‘के-च्याप’ अशासारख्या नावाने ओळखत, आणि त्यावरूनच हा शब्द आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे व्यापारी जावा-सुमात्रापर्यंत पसरले होते. तेथेच इंग्रज व्यापाऱ्यांची नि ह्या रसाची गाठ पडली. चार्ल्स लॉकियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १७११ साली पूर्वेकडील व्यापारावर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की, उत्तम केचप टाँकिनहून म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून येते, पण चीनमध्ये चांगला माल फार स्वस्तात मिळतो. म्हणजे कापड नि मिरी ह्यांच्यासारखाच हाही नफ्याचा जिन्नस होता. मलाय-इंडोनेशियाकडे ‘केचाप’ हा शब्द आजही चालतो. मात्र तेथे त्याचा अर्थ सोयाबीनचा रस असा झाला आहे.

इंग्लंडात पोहोचल्यावर हा रस घरोघरच्या बायकांनी आपापल्या परीने करून पाहिला. एलायझा स्मिथ हिच्या १७२७ च्या पाकपुस्तकात ‘इंग्लिश कॅचप’ आहे. त्यात अँचोव्ही नावाची खारी मासळी, छोटे कांदे, द्राक्षाची दारू, तिचाच शिरका, आले, लवंग, मिरी, जायपत्री, जायफळ. हॅना ग्लास हिने १७४७ साली जहाजाच्या कप्तानांसाठी वेगळे प्रकरण लिहिले आणि वीस वर्षे टिकणाऱ्या केचपची कृती दिली : शिळी कडक बिअर, एक पौंड अँचोव्ही, कांदे, मसाला आणि अळंबी. पुढे अळंबीचे, अक्रोडाचे, शिंपल्यांचे अशी केचपे निघाली. ह्या दोघींच्या कृतींत साखर नाही. वीस वर्षांचा दावा आम्ही तपासून पाहिलेला नाही! पण टिकण्यामागचे तत्त्व आपल्या आज्यांना पाठ होते. मीठ आणि आंबट. खारातले लिंबू नि खारवलेली कैरी बरणीत वर्षभर कशी राहते हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्या इंग्रजी कृतींत नवल वाटावयाचे कारण नाही.

त्या काळी इंग्लंडात साखर मिळत नव्हती असे मात्र समजू नये. वेस्ट इंडीज बेटांवरून ती जहाजे भरभरून येत होती. तेथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. १७९१ साली विल्यम फॉक्स ह्याने एक पत्रक काढले. ब्रिटनच्या जनतेने वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडावी, असे त्यात आवाहन होते. आणि त्याने हिशेबही मांडला होता : आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. हिशेब बरोबर होता की नाही ह्यावर वाद घालता येईल, पण पत्रकाची रीत आम्हां संघटकांना फार आवडते. त्याने पार्लमेंटाला विनंती केली नाही. चहाच्या टेबलाशी बसलेल्या बाईला आकडा दिला. सुमारे तीन लाख लोकांनी ही साखर सोडल्याचा अंदाज त्या चळवळीतल्या टॉमस क्लार्कसनने नोंदवला आहे. पुढे काही दुकानदार हिंदुस्थानची साखर ‘ही गुलामांनी केलेली नाही’ असे लिहिलेल्या भांड्यांतून विकू लागले. बंगालच्या शेतमजुराला त्या वेळी काय मिळत होते ह्याची चौकशी त्या भांड्यांवर नव्हती.

आता टोमॅटोकडे येऊ. विदर्भात ज्याला भेदरे म्हणतात ते हे फळ मूळचे अमेरिका खंडाचे, आणि त्याचे केचपही तिकडेच झाले. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेम्स मीझ ह्यांनी १८१२ साली ‘लव्ह ॲपल’ म्हणजे टोमॅटोच्या केचपची कृती छापली. टोमॅटोचा गर, मसाला, थोडी ब्रँडी. साखर नाही, शिरकाही नाही. १८२४ साली व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ हिचे पाकपुस्तक निघाले. तिची कृती आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते. एक पेक टोमॅटो, म्हणजे आपल्या मापाने सुमारे सहा किलो, पाणी न घालता चुलीवर ठेवावेत. मीठ टाकून तासभर उकळावेत, चाळणीतून गाळावेत. मग चिरलेला कांदा, जायपत्री, मिरी घालून इतके आटवावे की शेवटी दोन बाटल्या भरतील. हे ऑगस्टात, कोरड्या हवेत करावे. सहा किलोंच्या दोन बाटल्या! हा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशी काम आहे.

मग साखर शिरली केव्हा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कृतींत ती चमचा-दोन चमचे दिसू लागते. पण तिचे राज्य सुरू झाले ते केचप घरातून कारखान्यात गेल्यावर. अमेरिकेत टोमॅटो डब्यांत भरण्याचे कारखाने निघाले. तेथे साली, देठाकडचे कठीण भाग, हिरवे-कच्चे तुकडे असा कचरा उरे. त्या कचऱ्याचे केचप होई. पिंपांत साठवून ठेवलेला हा गर आंबू नये म्हणून त्यात सोडियम बेंझोएटसारखी रसायने घालत, आणि रंग गेलेला असे म्हणून डांबरापासून काढलेले तांबडे रंग. स्वस्त माल, मोठा खप.

ह्याविरुद्ध उभा राहिला तो सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली. १९०२ साली त्याने बारा तरुण स्वयंसेवकांना रोज अन्नातून टिकाऊपणाची रसायने देऊन परिणाम पाहण्याचा प्रयोग सुरू केला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘विषपथक’ असे नाव दिले. अन्नातील भेसळीविरुद्धच्या चळवळीला जोर आला आणि ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न व औषधी कायद्यावर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांची सही झाली. गंमत अशी की, हा वायली मूळचा साखरेचाच रसायनतज्ज्ञ. १८८३ साली सरकारी खात्यात तो आला तो ज्वारीच्या जातीच्या गोड धाटांपासून साखर काढण्याच्या कामासाठी. केचपातल्या रसायनांवर तो तुटून पडला. त्यांच्या जागी काय येईल, ह्याचा विचार त्या गलबल्यात फारसा कोणी केला नाही.

जागी आली साखर. पिट्सबर्गचे हेन्री हाइन्झ ह्यांनी १८७६ साली केचप बाजारात आणले होते. आपला माल रसायनांवाचून टिकवून दाखवायचा असे ह्या कंपनीने ठरवले, आणि ह्या बाबतीत ती वायलीच्या बाजूने उभी राहिली. पिकलेले, ताजे टोमॅटो घ्यावयाचे, स्वच्छता राखावयाची, आणि शिरका व साखर ह्यांचे प्रमाण चांगलेच वाढवावयाचे. १९०९ साली सरकारी रसायन खात्यातर्फे बिटिंग ह्या संशोधकाने केचप का नासते ह्यावर अहवाल छापला. त्याच्या कामातूनही हेच दिसले की, आंबटपणा आणि साखर पुरेशी दाट असेल तर बाटली उघडल्यावरही केचप लवकर नासत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका सरकारी मंडळाने थोड्या प्रमाणातील बेंझोएट निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा दिला. वायली चिडला, १९१२ साली तो नोकरी सोडून गेला. पण बाजाराचा निकाल लागून चुकला होता.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. कचऱ्याचे, डांबरी रंगाचे केचप गेले हे चांगलेच झाले. हाइन्झच्या कारखान्यात मुलींना स्वच्छ पोशाख होते, जेवणाची खोली होती, गच्चीवर बाग होती, आणि अन्नाला हात लावणाऱ्या मुलींची नखे साफ करून देण्याचीही सोय होती. आम्ही गच्ची नि बाग ह्यांना नावे ठेवणार नाही. फक्त एवढेच म्हणू की, मालक नखे तपासू लागला की युनियनवाल्याने मजुरीचा तक्ता तपासावा. एलिझाबेथ बटलर ह्या बाईंनी १९०७-०८ साली पिट्सबर्गमधल्या कामकरी स्त्रियांची पाहणी केली आणि १९०९ साली ती छापली. तीत डबाबंद अन्नाच्या कारखान्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. जिज्ञासूंनी अवश्य वाचावे.

साखर ह्या बाटलीत नेमके काय काम करते ते पाहू. पहिले काम मुरांब्यातले. दाट साखर पाणी धरून ठेवते, आणि बुरशीला, यीस्टला जगायला लागणारे मोकळे पाणी कमी पडते. दुसरे काम, वाढवलेल्या शिरक्याचा तिखट आंबटपणा झाकण्याचे. तिसरे काम दाटपणाचे, आणि आमच्या मते मालकाच्या वहीत हेच फार महत्त्वाचे आहे. टोमॅटोच्या रसात विरघळलेले घन पदार्थ शेकड्याला सुमारे पाच असतात. आपल्याकडील नियमांप्रमाणे केचपमध्ये ते किमान पंचवीस असावे लागतात. नुसत्या टोमॅटोने तेथे पोहोचायचे तर पाच किलो रस आटवून एक किलो करावा लागेल. म्हणजे मेरी रँडॉल्फचाच हिशेब. तेवढा टोमॅटो, तेवढे इंधन, तेवढा वेळ. पंचविसातला मोठा वाटा साखरेने भरून काढला की, टोमॅटो थोडक्यात भागतो. साखर टोमॅटोच्या सोबतीला आली असे आपण समजतो. बऱ्याच अंशी ती टोमॅटोच्या बदली कामावर आहे.

अमेरिकेतल्या प्रसिद्ध बाटलीतून काढलेल्या सतरा ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात आज सुमारे चार ग्रॅम साखर निघते. चहाचा एक चमचा. मुले वड्याबरोबर, फ्रँकीबरोबर असे किती चमचे घेतात हे घरोघरी ठाऊक आहे. आपल्याकडे तर आणखी एक मौज आहे. तिकडे बेंझोएट घालवण्यासाठी साखर आली. येथे बेंझोएटलाही ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगी आहे, आणि कित्येक बाटल्यांच्या लेबलावर साखर आणि २११ हा बेंझोएटचा क्रमांक दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. वाचनाचा चष्मा लावून एकदा पाहावे.

आता ही साखर कोणाच्या हातून येते, हे विचारल्याशिवाय आमच्यासारख्याला पुढे जाता येत नाही. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी १८३३ च्या कायद्याने संपली. मळेवाल्यांना माणसे हवीच होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले; १९२० पर्यंत त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. त्यांतले काही मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोक होते. त्यांची घराणी आजही तेथे गणपती बसवतात. आणि त्याच मॉरिशसची, तशीच जर्मनीकडची बीटाची साखर हिंदुस्थानच्या बाजारात आली. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाबरोबर विलायती साखरेवरही बहिष्कार पडला तो ह्याच मालावर.

पुढे आपले कारखाने झाले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकरी मालक झाला. ह्या गोष्टीचा आम्हांला अभिमान आहे. पण ऊस तोडणारा मालक झाला नाही. दसऱ्यानंतर बीडकडची जोडपी बैलगाडी, पोरेबाळे घेऊन निघतात. नवराबायको मिळून त्यांची मोजणी ‘एक कोयता’. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पाळीत खाडा पडू नये म्हणून बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याची बातमी २०१९ साली गाजली, आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कारखान्याला विचारावे तर तो म्हणतो, ही माणसे मुकादमाची.

हेच उत्तर टोमॅटोच्या शेतातही मिळते. अमेरिकेतील ओहायो राज्यात, जेथे फ्रीमाँटला केचपचा प्रचंड कारखाना आहे, तेथे १९७८ साली टोमॅटो तोडणाऱ्या दोन हजारांवर मजुरांनी संप केला. त्यांचा पुढारी बाल्देमार व्हेलास्केझ, स्वतः शेतमजुराचा मुलगा. टोमॅटो विकत घेणारी कँपबेल ही सूप कंपनी म्हणे, मजूर आमचे नव्हेत, शेतकऱ्याचे. शेतकरी म्हणे, मला जो भाव मिळतो त्यात मी काय देणार? व्हेलास्केझच्या संघटनेने १९७९ साली कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला. १९८३ साली मजूर साडेपाचशे मैलांहून अधिक चालत कंपनीच्या मुख्य कचेरीवर गेले. शेवटी १९८६ साली करार झाला, आणि त्यावर तिघांच्या सह्या होत्या : मजूर, शेतकरी आणि कंपनी. तिसऱ्या सहीसाठी आठ वर्षे लागली. आपल्या ऊसतोडीच्या बाबतीत ती सही कोणी करावी, ह्यावर ह्याच व्यासपीठावर स्वतंत्र व्याख्यान ठेवावे अशी आमची चालकांस सूचना आहे.

राहता राहिली ती बायकांनी विचारलेली गोष्ट. साखरेवाचून केचप होते, शंभर-दीडशे वर्षे होत होते. मात्र ते घरच्या रीतीने करावे आणि घरच्या रीतीने संपवावे. तीन किलो चांगले पिकलेले लाल टोमॅटो घ्यावेत. नाशिक, नारायणगावकडचा माल उतरला की भाव पडतात. २०२१ च्या ऑगस्टात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, आणि २०२३ च्या जुलैत तेच किलोला शंभराच्या वर गेले. तेव्हा भाव पाहून करावे. चिरल्याबरोबर लगेच मोठ्या आचेवर ठेवावेत. चिरून ठेवून दिले तर त्यांतलेच एक द्रव्य गराचा चिकटपणा मोडून टाकते आणि केचप पाणी सोडते. ताबडतोब तापवले म्हणजे ते द्रव्य मरते. दोन कांदे, सहा-सात लसणाच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा बरोबरच शिजवावा. गोडीसाठी ५० ग्रॅम बिनबियांचा खजूर. कोणी गूळ घालतात. घालावा, पण गूळ म्हणजे साखर नव्हे अशी समजूत करून घेऊ नये. गुळात बहुतांश साखरच असते, खजुरातही असते. फरक पडतो तो प्रमाणाने. टोमॅटोची स्वतःची साखरही आटून दाट होते : तीन किलोंत ती पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरते. पथ्याच्या माणसाने हेही केचप चमच्यानेच खावे.

मऊ शिजले की गाळणीतून घासून घ्यावे. दालचिनी, लवंग, मिरी ह्यांची फडक्यात पुरचुंडी बांधून गरात सोडावी, रंगाला थोडी ब्याडगी मिरची, चवीला मीठ. पसरट स्टीलच्या पातेल्यात आटवत राहावे. बिनकल्हईचे तांब्यापितळेचे भांडे आंबटाला चालत नाही. थेंब ताटलीत टाकून पाहावा. भोवती पाण्याचे कडे सुटले नाही म्हणजे झाले. अर्धी वाटी व्हिनेगर अगदी शेवटी घालून एक उकळी आणावी; आधी घातले तर वाफेबरोबर उडते. सहाशे-सातशे ग्रॅम माल निघतो. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, लहान असाव्यात, म्हणजे एका वेळी एकच उघडते. शीतकपाटात ठेवावे आणि तीन आठवड्यांत संपवावे. जास्त झाले तर बर्फाच्या कप्प्यात. बाहेर फळीवर ठेवू नये. फळीवर महिनोन्‌महिने उभे राहण्यासाठी जी साखर लागते ती ह्यात घातलेली नाही.